कोष्टक आणि वस्तू : एका सोयरिकीची हकीगत

गणकयंत्राच्या इतिहासातील एका अवघड सोयरिकीची हकीगत आज सांगावयाची आहे. दोन्ही घराणी कुलीन, पण पत्रिका कोणी जुळवून पाहिल्या नव्हत्या.

पहिले घराणे ऑस्लोचे. तेथे क्रिस्टन नीगार्ड व ओले-योहान दाल यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा रचली. तिच्यात माहिती आणि त्या माहितीचे वर्तन एकाच ‘वस्तू’त नांदते, आणि एक वस्तू दुसरीचा हात थेट धरते.

दुसरे घराणे एडगर कॉड यांचे. हे मूळचे इंग्रज; महायुद्धात विमाने चालविलेले. आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्यांनी निबंध लिहिला, की माहिती साध्या कोष्टकांत मांडा आणि कोष्टकांचे नाते सामाईक मूल्यांनीच ओळखा.

ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. एका वहीत सभासद, दुसरीत त्यांनी नेलेली पुस्तके. दुसरीत सभासदाचे नावगाव पुन्हा लिहीत नाहीत, क्रमांक तेवढा लिहितात. हे कॉडचे कोष्टक. वस्तूंच्या जगात मात्र सभासद आपली पुस्तके काखोटीला मारूनच उभा असतो! वहीत घरक्रमांक, पेठ, गाव असे तीन रकाने. तिकडे ‘पत्ता’ ही एकच वस्तू. या दोहोंमधले भाषांतर प्रोग्रामर वर्षानुवर्षे हाताने करीत. रकाना वाढला, की सगळी उस्तवार पुन्हा.

पुढे ही हमाली यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न झाले. कॅनडातील ‘टॉपलिंक’ १९९०च्या दशकातले. २००१ साली गेविन किंग यांनी ‘हायबरनेट’ सुरू केले, आणि २००६ साली जावा भाषेत या कामाचे प्रमाण नियमच ठरले. कोणता रकाना कोणत्या वस्तूत, एवढे सांगावे. बाकीचे दुभाषा पाहील.

पण दुभाषा फार आज्ञाधारक. शंभर सभासदांची यादी एका प्रश्नात येते. मग प्रत्येकाची पुस्तके मागताच तो मुकाट्याने शंभर खेपा घालतो. एकशे एक प्रश्न! लिहिणाराच्या ध्यानीही येत नाही. कारण त्याच्या डोळ्यांपुढे वही नसतेच. २००६ साली टेड न्यूअर्ड यांनी या साऱ्या खटाटोपाची तुलना अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाशी केली. मला ती जरा कडक वाटते. हाताने लिहिलेल्या भाषांतरातल्या चुका त्यांनी जमेस धरावयास हव्या होत्या.

त्या खेपा टाळण्याची सोय २००६च्या नियमांतच आहे. सभासद पुस्तकांसह एकदम आणा, असे एका वाक्यात सांगता येते. मात्र ते वाक्य लिहावयाची भाषा कोष्टकांच्या भाषेचीच सख्खी बहीण आहे.