एका गळ्यावर चालणारी कंपनी

मागच्या आठवड्यात जालन्यात घरी फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन गायकाची गाणी ऐकत होतो. मावशीने विचारलं, "हा टेनर म्हणजे नेमकं काय रे?" म्हटलं, पुरुषाचा चढा आवाज. ऑपेरातला नायक बहुधा हाच असतो. ती म्हणाली, "म्हणजे आपले केशवराव भोसले!" तिच्या या वाक्याने माझ्या संशोधनातला एक प्रश्न सोपा झाला. तोच आज तुम्हाला सांगतो.

वुंडरलिश 1955 च्या सुमारास श्टुटगार्टच्या ऑपेरात दाखल झाला. तिथे वाद्यवृंद, रंगमंच, पगार सगळं संस्थेचं. त्याने फक्त गायचं. 1966 मध्ये जिन्यावरून पडून तो गेला, तेव्हा छत्तिसाव्या वाढदिवसाला नऊच दिवस उरले होते.

आता केशवराव बघा. जन्म 1890, कोल्हापूर. लहानपणीच नाटक कंपनीत गेले, 'शारदा'तल्या भूमिकेने नाव झालं. 1 जानेवारी 1908 रोजी हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' काढली, तेव्हा वय होतं सतरा! म्हणजे गायक तेच, नट तेच आणि मालकही तेच. मायक्रोफोन नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला तरच तिकीट खपणार आणि मंडळींचा पगार निघणार.

8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्री कोण वरचढ ठरलं, यावर आजही वाद घालतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. दोन कंपन्यांचे मालक आपापला धंदा बाजूला ठेवून एकत्र उभे राहिले, हे जास्त मोठं नाही का?

तीन महिनेही झाले नाहीत, तोच 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं एकतीस. एका गळ्यावर उभी असलेली कंपनी तिथेच बुडायला हवी होती. पण बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली.

म्हणून मला वाटतं, केशवरावांचं मोठेपण फक्त तानेत शोधू नये. ऑपेराच्या टेनरमागे संस्था उभी होती. इथे गायकाने स्वतःच संस्था उभी केली, आणि ती त्याच्या माघारीही टिकली.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापुरात त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. लोक रडले ते नुसत्या इमारतीसाठी असतील, असं तुम्हाला वाटतं?