एंटेबेची धावपट्टी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर लावला की मुले आधी नाईल शोधतात. मिसर, फिरऔन आणि हजरत मूसा यांच्यामुळे ही नदी त्यांच्या ओळखीची. नदीच्या प्रवाहाविरुद्ध बोट नेत गेले की ते व्हिक्टोरिया सरोवरावर येऊन थांबते. त्याच्या उत्तर काठावर एंटेबे आहे. युगांडाची राजधानी कंपाला तिथून सुमारे ४० किलोमीटरवर. पण राजधानीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ एंटेबेला आहे.

एकदा हाच तास चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, इदी अमीन तो मुसलमान था ना? फिर अपने लोगां को कायकू निकाला?" घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते देण्याचा हा प्रयत्न.

लुगांडा भाषेत 'एंटेबे' म्हणजे आसन, बैठक. इंग्रजांनी आपल्या कारभाराची बैठकही तिथेच घातली. सरकारी कचेऱ्यांमध्ये गोव्याचे कारकून मोठ्या संख्येने होते. त्याआधी, १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून सरोवरापर्यंत रेल्वे टाकण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. त्यांतले बरेच पंजाबचे, आणि त्यांत मुसलमान पुष्कळ होते. अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. बहुतेक जण काम संपल्यावर परतले, काही हजार राहिले. मागोमाग गुजरात-कच्छचे व्यापारी आले: खोजे, बोहरे, पटेल, लोहाणा. आपल्या कोकणातल्या मुसलमानांनीही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घरे केली.

विमानतळाचे भाग्य फळफळले ते १९५० नंतर. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज वारला तेव्हा त्याची मुलगी एलिझाबेथ केनियात होती. राणी झालेली ही तरुणी लंडनला परतली ती एंटेबेहून. त्याच वर्षी २ मे रोजी जगातली पहिली प्रवासी जेट सेवा लंडनहून जोहान्सबर्गला सुरू झाली. तिच्या थांब्यांमध्ये खार्तुमच्या पुढे एंटेबेचे नाव होते. ९ ऑक्टोबर १९६२ रोजी युगांडा स्वतंत्र झाला आणि कंपाला राजधानी झाली. विमाने मात्र एंटेबेलाच उतरत राहिली.

२५ जानेवारी १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे सिंगापूरला परिषदेत असताना जनरल इदी अमीनने सत्ता बळकावली. ४ ऑगस्ट १९७२ रोजी त्याने जाहीर केले की आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा. मुदत ८ नोव्हेंबरला संपणार होती. हे लोक लोकसंख्येत एक टक्क्याच्याही आत, पण व्यापाराचा मोठा हिस्सा त्यांच्या हातात. कुणाकडे ब्रिटिश पासपोर्ट, कुणाकडे भारताचा, कुणाकडे युगांडाचा. युगांडाचे नागरिक असलेल्यांचीही कागदपत्रे तपासण्याच्या नावाखाली रद्द झाली. सकाळी नागरिक म्हणून रांगेत उभा राहिलेला माणूस संध्याकाळी कुठल्याच मुलखाचा उरला नाही.

मग सुरू झाली ती कंपाला-एंटेबे रस्त्यावरची हिजरत. कुटुंबामागे पन्नास-पंचावन्न पौंड एवढीच रक्कम बरोबर नेण्याची मुभा. चाळीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर जागोजाग लष्कराच्या चौक्या. सैनिक पेट्या उघडायला लावत, घड्याळे काढून घेत, बायकांच्या हातातल्या बांगड्या उतरवत. दुकानाच्या किल्ल्या मागे ठेवून माणसे विमानाच्या शिडीपर्यंत पोहोचत. ब्रिटनने २७ हजारांहून अधिक लोकांना घेतले, कॅनडाने सहा हजारांहून अधिक. कोणताच देश नसलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने युरोपातल्या छावण्यांत हलवले गेले. तेव्हा निर्वासितांचे उच्चायुक्त प्रिन्स सद्रुद्दीन आगाखान होते. भारतात सुमारे साडेचार हजार आले. त्यांतले अनेक रेल्वेने मोंबासाला आणि तिथून बोटीने मुंबईला उतरले.

या निर्वासितांमध्ये हिंदू होते, शीख होते, गोव्याचे ख्रिस्ती होते आणि हजारो मुसलमानही होते. चौकीवरच्या सैनिकाने कुणाला कलमा विचारून सोडले नाही.

चार वर्षांनी त्याच विमानतळावर माणसांची दुसरी निवड झाली. २७ जून १९७६ रोजी तेल अवीवहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अथेन्स सोडल्यावर दोन पॅलेस्टिनी आणि दोन जर्मन अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतले. बेनगाझीत इंधन भरून ते एंटेबेला आले. अमीनने अपहरणकर्त्यांना साथ दिली. तिथे नावे पुकारून इस्रायली प्रवासी वेगळे काढले गेले. काही इतर ज्यूही त्यांच्यात ठेवले गेले. बाकीच्या १४८ जणांना दोन तुकड्यांत सोडले. कप्तान मिशेल बाकोस आणि त्यांचे सहकारी मात्र, सर्व प्रवासी आपली जबाबदारी आहेत, म्हणून मागे राहिले. ३ जुलैच्या रात्री चार इस्रायली हर्क्युलिस विमाने सुमारे चार हजार किलोमीटर उडून आली आणि १०२ जणांची सुटका झाली. चकमकीत तीन ओलीस, तुकडीचा प्रमुख योनातन नेतान्याहू, सगळे अपहरणकर्ते आणि युगांडाचे चाळीसहून अधिक सैनिक मेले. घशात घास अडकल्याने कंपालाच्या मुलागो रुग्णालयात नेलेल्या ७४ वर्षांच्या डोरा ब्लॉक मागे राहिल्या. त्यांना अमीनच्या माणसांनी ठार केले. पॅलेस्टिनींवर झालेला अन्याय आम्ही विसरत नाही. पण एका म्हातारीला रुग्णालयाच्या खाटेवरून ओढून मारल्याने कोणत्या मजलूमाला न्याय मिळाला?

आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना अमीनचे कौतुक होते. १९७५ साली गोऱ्यांच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसलेला त्याचा फोटो त्यांना फार आवडे. दोनशे वर्षांची गुलामी सोसलेल्यांना तसे वाटावे यात नवल नाही. पण त्या खुर्चीखाली लाखोंच्या आसपास युगांडावासी चिरडले गेले, हे कुणी सांगत नव्हते. अमीन एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाच्या फौजांपुढे पळाला आणि १६ ऑगस्ट २००३ रोजी जिद्दाला मेला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या लोकांनी तिथे शाळा, दवाखाने, मशिदी, मंदिरे बांधली. पण आफ्रिकी माणसाशी त्यांचे नाते बहुधा दुकानाच्या फळीपलीकडचे आणि घरातल्या नोकराचे राहिले. इंग्रजाने वर गोरा, मध्ये हिंदी, खाली काळा अशी उतरंड रचली आणि मधल्या मडक्याने कुरकूर केली नाही. याने अमीनचा जुलूम जायज ठरत नाही. पण त्याच्या घोषणेवर रस्त्यावर टाळ्या का पडल्या, ते कळते.

१९८६ नंतर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी आशियाई लोकांना परत बोलावले. पुढच्या काळात अनेकांना जप्त झालेल्या मालमत्ता परत मिळाल्या. काही परतले, बहुतेक परतले नाहीत. आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल पडल्यानंतर, अफगाणिस्तानातून निघालेले ५१ जण एका विमानाने एंटेबेला उतरले. ज्या धावपट्टीवरून हजारो लोक बेवतन होऊन उडाले, तिच्यावर बेवतन माणसांना जागा मिळाली. आज युगांडा आफ्रिकेत सर्वाधिक निर्वासितांना आसरा देणारा देश आहे.

तो मुलगा आता दहावी पास होऊन गेला. भेटला तर त्याला सांगू : बेटा, तुझ्या प्रश्नातला 'आपले लोक' हा शब्द आधी तपासू. अमीन आपला, कारण त्याचे नाव आपल्यासारखे? की बांगड्या उतरवणारी ती बाई आपली, मग ती कोणत्याही मजहबची असो? इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न येत नाही. पण वर्गात विचारला गेला, तर घंटा झाली म्हणून आम्हाला तो टाळता येणार नाही.