यादवांचा उदय आणि अस्त

मंडळी, देवगिरीचे यादव म्हटलं की आपल्याला १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आठवते. म्हणजे आपण शेवटापासून सुरुवात करतो. आज उलट करू. सुरुवात आपल्याच जिल्ह्यात आहे. सेऊणचंद्राने वसवलेलं सेऊणपुर म्हणजे आजचं सिन्नर, असं अभ्यासक मानतात.

हे घराणं आधी राष्ट्रकूटांचं मांडलिक होतं, नंतर कल्याणीच्या चालुक्यांचं. बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य खिळखिळे झाले. ती संधी साधून पाचवा भिल्लम स्वतंत्र झाला आणि त्याने देवगिरीला राजधानी केली. सिंघणाने राज्य दूरवर वाढवलं. वरचा सैल पडला की उठायचं, ही यादवांची रीत इथे फळली.

आता पुढे बघा. १२९६ च्या स्वारीच्या वेळी युवराज शंकरदेव सैन्यासह राजधानीबाहेर होता. रामदेवरावाला खंडणी कबूल करावी लागली आणि यादव पुन्हा मांडलिक झाले. शंकरदेवाने दिल्लीला जुमानलं नाही. तो मारला गेला. १३१६ मध्ये अल्लाउद्दीन वारला, दिल्लीत गोंधळ माजला आणि हरपालदेव उठला. रीत तीच, भिल्लमाचीच! पण चालुक्य सावरले नव्हते. दिल्ली लगेच सावरली. मुबारक खिलजी स्वतः चालून आला, हरपालदेवाला ठार केलं आणि राज्य संपलं.

तेव्हा यादव का हरले, हे विचारण्याआधी ते मुळात का जिंकले होते, हे आपण विचारलं पाहिजे.