छायाचित्र, नमुना आणि रानपिंगळा

छायाचित्रावरून केलेली ओळख कितपत ग्राह्य धरावी, हे रानपिंगळ्याच्या इतिहासातून चांगले समजते. १८७२ मध्ये मिळालेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहान घुबडाचे वर्णन केले. पुढे १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने मिळवले. नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला.

१९६८ मध्ये तो पुन्हा दिसल्याचा दावा झाला, सोबत छायाचित्रेही होती. ती गावोगावी दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याची निघाली! चूक समजण्यासारखी आहे, कारण दोघे दिसायला सारखेच. पिंगळ्याच्या माथ्यावर व पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचे अगदी पुसट. चोच आणि पंजे मात्र त्याचे थोराड. म्हणजे केवळ समोरून टिपलेला पक्षी फसवू शकतो.

मग संग्रहालयातला नमुना तरी खरा मानावा? १९१४चा म्हणून ठेवलेला माइनर्ट्झहागेन यांचा रानपिंगळा हा मुळात डेव्हिडसन यांचा चोरलेला नमुना होता. चिठ्ठीवरचे ठिकाण व तारीख बनावट. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली आणि शोधासाठी विश्वासार्ह नमुन्यांचीच ठिकाणे धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ (तेव्हा धुळे जिल्हा) रानपिंगळा दिसला. यावेळी छायाचित्रे घेतली ती माथा, पंख, पोट सगळे तपासूनच. पुढे तो मेळघाटात आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.