जीपमधला बिनतारी

मागच्या हिवाळ्यात (म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात) तीन महिने लेकीकडे ऑस्ट्रेलियात राहून आलो. प्रवासवर्णन कधी लिहिताय, असं दोघा-तिघांनी विचारलं. ते लिहीन सवडीने. आज एका लाल तारेबद्दल लिहायचंय.

नातवाने जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतली आहे. सुट्टी आली की मित्रांबरोबर वाळूत आणि रानात नेतो. तिकडे मैलोगणती मोबाईलला रेंज नसते, म्हणून असल्या गाड्यांत सीबी रेडिओ लागतोच. सीबी म्हणजे सिटिझन बँड. सामान्य नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला बिनतारी संदेशांचा पट्टा. परीक्षा नाही, स्वतःच्या नावाचा परवाना काढायची गरज नाही, बटण दाबा आणि बोला. एका रविवारी तो सेट बसवायचं काम निघालं. "आजोबा, जरा बॅटरी धरा," म्हणून मला गॅरेजात बोलावणं आलं. (बॅटरी म्हणजे टॉर्च. खरी बॅटरी बॉनेटखाली होती.)

मी उजेड धरून उभा आणि तो डॅशबोर्डखाली उताणा. लाल आणि काळी अशा दोन तारा इंजिनाकडे न्यायच्या, पत्र्याच्या भोकातून. न राहवून मी विचारलं, "भोकाला रबर लावलंस का? आणि फ्यूज कुठे टाकतोयस, सेटजवळ की बॅटरीजवळ?" पोरगं सरपटत बाहेर आलं. "आजोबा, तुम्ही तर हिस्टरी शिकवायचात ना?"

हो, इतिहासच शिकवला. पण तारेचा धडा मला जिंतूर तालुक्यातल्या एका माळावर मिळाला, मार्च १९८५ मध्ये.

विधानसभेची निवडणूक होती. मतदान म्हटलं की पहिल्यांदा मास्तरांना जुंपायचं ही तेव्हापासूनची रीत. आमचं केंद्र डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात, शाळेच्या दोन खोल्यांत. वीज होती पण त्या रात्री गेलेली, फोन नव्हताच. मतपेट्या, शिक्के, शाई मोजून आम्ही कंदिलाच्या उजेडात डबे सोडले. रात्री अकराच्या सुमारास आमच्यातले एक गुरुजी उठून बसले. छातीत कळ, अंगाला दरदरून घाम, बोलता येईना. पन्नाशीही गाठलेली नव्हती त्यांनी. त्यांची मुलं अधूनमधून हा ब्लॉग वाचतात म्हणून नाव लिहीत नाही.

नशिबाने गावाबाहेरच्या वडाखाली बिनतारी सेट असलेली एक जीप मुक्कामाला होती. कोणत्या खात्याची ते राहू द्या. आम्ही दोघं पळत गेलो. जवानाने सेटचं बटण फिरवलं, दिवाच लागेना. जीप चालू होत होती, हेडलाइट लागत होते, सेट मात्र मेलेला. मला वाटलं, संपलं. तो जवान मात्र गडबडला नाही. बॉनेट उघडून नाक खाली नेलं आणि म्हणाला, "वास येतोय गुरुजी. तार घासली."

झालं होतं असं, की बॅटरीकडून सेटकडे जाणारी लाल तार पत्र्याच्या भोकातून नेलेली, पण भोकाला रबराची कडी नव्हती. आमचे रस्ते ते! पत्र्याच्या धारेने तारेचं कातडं सोललं, तांबं जीपच्या अंगाला लागलं आणि फ्यूज उडाला. गाडीचं सगळं अंग बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेलं असतं, त्यामुळे लाल तार पत्र्याला कुठेही टेकली की तो शॉर्टच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ होता म्हणून बरं, नाहीतर फ्यूजच्या अलीकडची तार घासून जीपच पेटली असती. जवानाने सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून तारेला गुंडाळली. राहिला फ्यूज. जादा फ्यूज नव्हता.

"सिगरेटची चांदी हाय का कुणाकडं?"

आमच्यात सिगरेट ओढणारे एकच होते, ते खोलीत पडलेले. मी परत पळालो आणि त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं. त्या चमचमत्या कागदाने जळका फ्यूज गुंडाळून बसवला आणि सेटचा दिवा लागला. (हा उद्योग कुणी घरी करू नये. चांदी फ्यूजसारखी वेळेवर वितळत नाही.)

तरी आवाज जाईना. "खालून न्हाई जायचा, टेकडी आडवी येती," म्हणून जीप माळावर चढवली. या लहरी सरळ रेषेत जातात, उंची गाठली तर लांब पोचतात. वर गेल्यावर इंजिन बंद केलं, कारण डायनामोची किरकिर कानात शिरत होती. मग तो अंधारात तेच तेच वाक्य बोलत राहिला आणि सातव्या-आठव्या खेपेला पलीकडून उत्तर आलं. दीड तासाने जिंतूरहून गाडी आली. गुरुजी वाचले. आणखी अकरा वर्षं नोकरी करून सन्मानाने निवृत्त झाले. सिगरेट मात्र सोडली नाही.

नातवाला हे सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "पण सेट फक्त सरकारी जीपमध्येच का? गावात कुणाकडेच कसा नव्हता?" प्रश्न वर्गातल्या पोरांनी विचारावा तसा सरळ, आणि उत्तर इतिहासाचं.

अमेरिकेत १९५८ साली सत्तावीस मेगाहर्ट्झचा पट्टा नागरिकांना दिला गेला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे डिझेल मिळेना आणि ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, तेव्हा ट्रकवाले या रेडिओवरून एकमेकांना सांगू लागले की डिझेल कुठे आहे आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत. सेट इतके खपले की १९७७ मध्ये चॅनेल २३ वरून ४० करावे लागले. ऑस्ट्रेलियात लोक आधी बेकायदाच वापरायचे. सरकारने १ जुलै १९७७ पासून तो कायदेशीर केला. आज तिथे ४७७ मेगाहर्ट्झवर ८० चॅनेल आहेत, ४० नंबरवर ट्रकवाले गप्पा मारतात आणि ५ नंबर संकटासाठी राखीव.

आपल्याकडे तेव्हा १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा होता. दोन्ही इंग्रजांचे. बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागायचा, मग ते फक्त ऐकण्याचं का असेना. आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा वडील दरवर्षी पोस्टात पंधरा रुपये भरून परवान्याच्या पुस्तकात तिकिटं लावून आणत. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. ऐकायलाच इतकं, तर बोलायचं नावच नको! हौशी हॅम रेडिओवाल्यांना परवानगी होती, पण परीक्षा देऊन, मोर्स शिकून. दुसऱ्या महायुद्धात त्यांचेही परवाने काढून घेतले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत. नोव्हेंबरमध्ये पकडले गेले आणि शिक्षा झाल्या. सत्तेला बंदुकीइतकीच माइकची धास्ती असते. ती पूर्ण अनाठायीही म्हणता येत नाही. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना ठाऊक आहे, की १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने हार मानल्याचं कळलं ते रेडिओवरूनच. वडील सांगत, गावात रेडिओ मोजके, आणि त्या संध्याकाळी एकेका रेडिओपुढे जत्रा भरली होती.

हे सगळं समजून घेतलं तरी माझी एक तक्रार उरतेच. इंग्रज गेल्यावर आपण त्यांची भीती जशीच्या तशी का सांभाळून ठेवली? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. परभणीत आम्ही भांड्यांच्या आवाजाने जागे होऊन अंगणात आलो, काय झालंय ते कुणालाच कळेना. त्या उद्ध्वस्त गावांत जाऊन ज्यांनी निरोप पोचवले त्यांत हॅमवाले होते. तसे लोक प्रत्येक तालुक्यात दहा-वीस असते तर?

आपल्याकडे सत्तावीस मेगाहर्ट्झचा पट्टा पाच वॉटपर्यंत परवानामुक्त झाला तो २००५ साली. तोवर मोबाईल खिशात आला होता. ज्याची गरज वीस वर्षांपूर्वी माळावर होती ते हवं असेल तर घ्या म्हणाले, तेव्हा विचारायला कुणी आलं नाही.

असो. गॅरेजात परत येऊ. नातवाने भोकाला रबर लावलं, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर टाकला, पुढच्या लोखंडी दांडीवर अँटेना बसवला. पायाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, कारण पेंटवरून अर्थिंग मिळत नाही. सेट लागला. जादा फ्यूजची डबी मी स्वतः हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवली. मग त्याने माइक माझ्या हातात दिला, म्हणाला, "बोला, आजोबा."

काय बोलावं सुचेना. बटण दाबून म्हटलं, "हॅलो, मी परभणीचा मास्तर बोलतोय. ऐकू येतंय का?"

थोडी खरखर झाली. मग कुठल्याशा ट्रकवाल्याचा जाडा आवाज आला, परत सांगा म्हणत होता. मी परत सांगितलं.