बेटांची किंमत : कोळसा आणि तार

वाशिष्ठीची खाडी राखायची तर तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड हवा आणि आत गोवळकोट. आम्हा चिपळूणकरांना हे गणित ठाऊक आहे. आगबोटींच्या काळात तेच गणित महासागरभर पसरले. वारा फुकट मिळे. कोळसा मात्र वाटेत भरावा लागे. म्हणून आरमारी सत्तांना बेटे हवी झाली. १८९९ मध्ये जर्मनीने कॅरोलाइन बेटे स्पेनकडून विकत घेतली. १९१४ मध्ये युद्ध पेटताच जपानने ती बळकावली.

त्याच वर्षी 'एम्डेन' ही जर्मन युद्धनौका हिंदी महासागरात शिरली. २२ सप्टेंबरला तिने मद्रासचे तेलसाठे पेटवले. ९ ऑक्टोबरला ती ब्रिटिशांच्या दिएगो गार्सियाला थांबली. तिथे तारयंत्र नव्हते. युद्धाची वार्ताच पोचली नव्हती. शत्रूचे चक्क स्वागत झाले!

महिन्याभराने, ९ नोव्हेंबरला, ती कोकोस बेटांवरचे तारकेंद्र मोडायला गेली. तिथून बिनतारी संदेश सुटला, जवळून जाणारी ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' धावून आली आणि एम्डेनचा शेवट झाला.

पुढे कोळसा गेला, तारा जुन्या झाल्या. बेटांचा मोह मात्र उरला. अमेरिकी तळासाठी दिएगो गार्सियाचे रहिवासी १९७० च्या सुमारास हलवले गेले. नकाशावरच्या त्या ठिपक्यात माणसे राहतात, हेही आपण वर्गात सांगायला हवे.