ठाण्याचा तट आणि मागे राहिलेले आपण
ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाचा तट मुळात पोर्तुगीज किल्ल्याचा आहे. १७३० साली आरंभिलेले त्याचे बांधकाम अपुरेच असता १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. वसईचा तट मात्र भक्कम होता. तेथे चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून तो फोडला आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली. तहानुसार पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांनिशी निघून गेली. तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या; त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. शेती व मासेमारी करणारे आपले पूर्वज मात्र येथेच राहिले. राजसत्तेचे छत्र गेल्यावरही त्यांनी श्रद्धा जपली. येथील जुन्या धर्मग्रामांचे मूळ त्या तटांत नसून त्यांच्या निष्ठेत आहे.